टाकीखालची वही

कसबा पेठ, पुणे
२३ नोव्हेंबर

प्रिय पूर्वा,

आधी एक प्रश्न विचारते, मग बाकीचं. केशर रोज सकाळी सव्वासातला टाकीच्या डाव्या कोपऱ्यात येऊन काचेला तोंड लावून का थांबते? खाणं आम्ही उजवीकडून टाकतो, तेही आठनंतर, बाबांचा चहा झाल्यावर. डावीकडे नुसती भिंत आहे आणि तू पाण्याची बाटली ठेवायचीस ते छोटं स्टूल. तरी ती येते, पाच-सात मिनिटं थांबते आणि मग आपली निघून जाते. महिनाभर मी चहाचा कप हातात घेऊन हे बघतेय. एक दिवस मुद्दाम दिवा लावला नाही, एक दिवस पडदा ओढून ठेवला, एक दिवस बाबांना त्या खोलीत पाऊलही टाकू दिलं नाही. ती आलीच. बाबा म्हणतात, निवृत्त झाल्यापासून तुला तपासायला नमुने मिळेनात, म्हणून आता माशांच्या मागे लागलीस. म्हणू देत. मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

फोनवर विचारता आलं असतं, हे मलाही कळतं. पण फोनवर मी काय करते ते तुला ठाऊक आहे. विषय जरा अवघड झाला की मी तो आमोदच्या पित्तावर नेते आणि दोन मिनिटांत ‘बरं, ठेवते’ म्हणते. तुम्ही दोघं धायरीला राहायला गेलात त्याला सात महिने होतील आता, आणि या सात महिन्यांत आपण दोघी सगळं मिळून तासभर तरी बोललो असू का, मला शंका आहे. कागदावर मला असं पळता येत नाही. म्हणून काल कोपऱ्यावरच्या दुकानातून फुलस्केप कागद आणले. दुकानदाराने विचारलं, ‘नातवाचा प्रोजेक्ट का?’ मी म्हटलं, नाही, सासूचा.

पहिली बातमी वाईट आहे, ती सांगूनच टाकते. साय गेली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गेली, आणि माझ्या हातून गेली. तुझी सगळ्यात पहिली मासळी होती ती, मला माहीत आहे. आमोदला मीच तुला सांगू नको म्हटलं होतं, त्याच्यावर रागावू नकोस. लवंगही जायच्या वाटेवर होती, पण ती वाचली. आज सकाळी तिने केशरच्या तोंडचा दाणा पळवला, म्हणजे तब्येत चांगली आहे असं समजायचं. हे सगळं कसं झालं ते तुला नीट सांगितलं पाहिजे, कारण ते जसं झालं तसं माझ्याच हातून होऊ शकलं असतं, दुसऱ्या कोणाच्या नाही.

तुम्ही गेलात तेव्हा धायरीच्या घरात जागा नाही, टाकी नंतर नेऊ असं ठरलं होतं. आमोदने एका चिठ्ठीवर लिहून दिलं: आठवड्याला पाव पाणी बदलायचं, नळाचं थेट घालायचं नाही, खाणं चिमूटभर. मला हसू आलं. एकतीस वर्षं महापालिकेच्या पाण्याच्या प्रयोगशाळेत काढलेल्या बाईला हा मुलगा क्लोरीन शिकवतो! शहराच्या पाण्यात क्लोरीन किती उरलंय ते मी थेंब टाकून, पिवळा रंग बघून नुसत्या नजरेने सांगत असे. ते घालवायचं कसं हेही मला माहीत आहे. हायपोचे खडे आणले, बादलीला किती लागतात ते काढलं, आणि दर रविवारी टाकीला असं पाणी द्यायला लागले की माशांनी सर्टिफिकेट द्यावं. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत तिघी छान होत्या. खरं सांगू, ती टाकी नेऊ नये असं मला वाटायला लागलं होतं. संध्याकाळी मी टीव्ही न लावता तिच्यासमोर बसायचे. लवंग वळताना आधी शेपूट वळते की डोकं, सायच्या डोळ्याची बाहुली उजेडात लहान होते की नाही, असल्या गोष्टी बघत माझा वेळ कसा जायचा कळायचं नाही.

मग दिवाळी आली. आमच्या घरात दिवाळीची साफसफाई म्हणजे काय, ते तू चार वर्षं पाहिलंस. पंख्याची पातीसुद्धा उतरवून धुतली जातात. वसुबारसेच्या आधीच्या रविवारी मी टाकीला हात घातला. तिघींना बादलीत काढलं. तळाचे खडे बाहेर काढून गरम पाण्याने, मग ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुतले. काच आतून-बाहेरून घासली. आणि फिल्टरमधला तो स्पंज काढला, तर शी! काळाकुट्ट, बुळबुळीत, पिळला तर मोरीत चिखलाचा ओहोळ. मला वाटलं, बिचाऱ्या या घाणीतून गाळलेलं पाणी पितायत. तोही ब्लीचिंगमध्ये रात्रभर भिजवला, हायपोने धुतला, गॅलरीत दोन दिवस वाळवला. क्लोरीन तपासलं: शून्य. टाकी भरली तेव्हा पाणी इतकं नितळ होतं की बाबा म्हणाले, मासे हवेत पोहतायत. पाडव्याला आमोद जेवायला आला. तुला बरं नव्हतं म्हणून तू आली नाहीस, असं तो म्हणाला. टाकी बघून त्याने विचारलं, ‘आई, नवी घेतलीस का?’ आणि माझी मान ताठ झाली.

आमोद गेला त्या संध्याकाळीच पाणी जरा धुरकट दिसायला लागलं. भाऊबीजेला ते ताकाच्या निवळीसारखं झालं. तिघी वर येऊन तोंडं उघडत होत्या, साय तर एका कुशीवर कलली होती. मी काय करावं? जे आयुष्यभर केलं तेच. पाणी गढूळ झालं म्हणजे जंतू वाढले. जंतू वाढले म्हणजे सगळं पुन्हा धुवायचं. स्पंज दुसऱ्यांदा ब्लीचिंगमध्ये. सगळंच्या सगळं पाणी नवं. क्लोरीन पुन्हा शून्य. सकाळी साय तळाशी पडली होती. बाबांनी तिला जास्वंदीच्या कुंडीत पुरलं.

त्याच दुपारी मी टाकीतलं पाणी बाटलीत भरून आपल्या गल्लीच्या टोकाच्या मासेवाल्याकडे गेले. उत्तरेश्वर त्यांचं नाव, तू त्यांना ओळखत असणार. मी अगदी रिपोर्ट वाचावा तसं सगळं सांगितलं: काय धुतलं, कशाने धुतलं, किती वेळ भिजवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘मासे तेवढे धुवायचे राहिले वाटतं?’ दुसऱ्या कोणी असं म्हटलं असतं तर मी दोन शब्द सुनावून आले असते. पण त्यांनी तोवर माझ्या पाण्यात थेंब टाकले होते आणि नळी हिरवीगार झाली होती. अमोनिया. क्लोरीन नव्हे, अमोनिया. मी म्हटलं, नळाच्या पाण्यात अमोनिया कुठून येईल? ते म्हणाले, ‘नळातून नाही हो, माशातून. तोही श्वास घेतो, तोही शी करतो. ते पचवणारे जंतू स्पंजात राहतात. तुम्ही त्यांचं सगळं गाव उठवलंत, तेही दोनदा.’

पूर्वा, तिथे उभ्या उभ्या मला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा वर्ग आठवला. अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट, एक जंतू पहिलं काम करतो आणि दुसरा दुसरं. हा प्रश्न मला दहा मार्कांना आला होता आणि मी दहापैकी नऊ मिळवले होते. नोकरीत नायट्रेट तर मी हजारो वेळा मोजलं. पण हे काम कुठेतरी कोणीतरी जिवंत करत असतं, माझ्या बोटांना लागलेला तो बुळबुळीत काळा गाळ म्हणजेच ते कोणीतरी, हे डोक्यात कधी आलंच नाही. माझं सगळं शिक्षण जंतू मारण्याचं. ते सांभाळायचेही असतात, हे मला वयाच्या पासष्टाव्या वर्षी एका मासेवाल्याने शिकवलं. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या: दोन-तीन दिवस खाणं बंद, रोज एक तृतीयांश पाणी बदल, आणि कुठल्या तरी जुन्या, निरोगी टाकीतला मळका स्पंज मिळवा. दुकानातला मी देणार नाही, म्हणाले. इथे रोज नवे मासे येतात, कुठला रोग येईल सांगता येत नाही. घरातल्या टाकीतला आणा.

घरातली टाकी कोणाकडे असेल, याचा विचार करत घरी आले आणि औषधबिवषध काही आहे का बघायला टाकीखालचं कपाट उघडलं. मी खडे धुतले, काच धुतली, पण ते कपाट कधी उघडलं नव्हतं. मला शिकण्यासारखं त्यात काही असेल असं वाटलंच नव्हतं. खाण्याच्या डब्यामागे, जाळीच्या खाली, निळ्या पुठ्ठ्याची दोनशे पानी वही. तुझं ते शाळेतल्या फळ्यावरचं गोल अक्षर. चार वर्षांची वही, पूर्वा! मी चष्मा लावला आणि तिथेच फरशीवर बसले. बाबांनी दोनदा येऊन विचारलं, आज जेवण आहे की माशांबरोबर आपलाही उपास.

काय काय लिहून ठेवलं आहेस गं तू. पहिल्याच महिन्यात दोनदा अधोरेखित केलेलं: ‘स्पंज टाकीच्याच काढलेल्या पाण्यात हलका पिळायचा. नळाखाली कधीच नाही.’ एके ठिकाणी: ‘गोल्डफिश घाण फार करतात असं लोक म्हणतात. दोष माशांचा नाही, टाक्या लहान असतात.’ सोमवारी तिघींना उपास, ते वाचून बाबा म्हणाले, घरात कोणीतरी सोमवार पाळत होतं तर. लवंग पोट फुगून उलटी तरंगत होती तेव्हाचं पान तर मी तीनदा वाचलं. दोन दिवस उपास, मग मटाराचा दाणा उकडून, साल काढून, चिमटीत चुरडून. तू ते मटार सोलत होतीस तेव्हा मी शेजारीच भाजी चिरत बसले होते आणि मला वाटलं होतं, काय एकेक चोचले. गोल्डफिशला जठर असं नसतंच, आतडंच सगळं काम करतं, हे मला आता तुझ्या वहीवरून कळलं. हे सगळं तू शिकलीस कुठे? भूगोल शिकवणारी मुलगी, तुला नायट्राइटचा नाद कोणी लावला? चार वर्षं एका घरात राहून मी तुला हे एकदाही विचारलं नाही, आणि एरवी मी भाजीवाल्याला कोथिंबीर कुठल्या गावची ते विचारल्याशिवाय सोडत नाही.

आणि अगदी पहिल्या पानावर हे होतं: ‘आईकडच्या टाकीतला मळका स्पंज डब्यात आणला. नव्या टाकीत पिळला. सहा आठवड्यांचं काम एका दिवसात.’ ‘आई’ म्हणजे मी नव्हे, तुझी आई. म्हणजे आपल्या टाकीतले ते जंतू, जे मी ब्लीचिंगने मारले, ते मुळात हिराताईंच्या घरून आले होते.

मी हिराताईंना फोन केला नाही. फोन केला असता तर त्या स्वतः डबा घेऊन आल्या असत्या, हे मला माहीत होतं, आणि तसं व्हावं हे मला योग्य वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा करून मार्केट यार्डाकडे निघाले. पत्ता लग्नाच्या पत्रिकेवर होता, तो बघून घेतला. साडेचार वर्षांत मी त्या घरी एकदाही गेले नव्हते, पूर्वा. कधी गुडघा, कधी पाहुणे, कधी ऊन. हिराताईंनी दर वर्षी मे महिन्यात बोलावलं आणि दर वर्षी मला काहीतरी होतंच. त्या दिवशी गुडघा दुखत होता, खरा दुखत होता, तरी तीन मजले चढून गेले.

त्यांनी दार उघडलं आणि क्षणभर काही वाईट बातमी आहे असं वाटून त्यांचा चेहरा उतरला. मी घाईघाईने म्हटलं, पोरं ठीक आहेत, मी मळ मागायला आले आहे. मग त्या अशा हसल्या की मलाही हसू आलं. ‘मळच ना? हवा तेवढा न्या,’ म्हणाल्या. काय टाकी आहे गं ती! अकरा वर्षांची, म्हणाल्या. पाणी फिकट चहाच्या रंगाचं, खड्यांवर शेवाळ, आणि आत तळहाताएवढे दोन मासे एखाद्या जुन्या नोकरदारासारखे संथ फिरत होते. मी प्रश्नांवर प्रश्न विचारले. त्यांनी सगळ्यांची उत्तरं दिली, आणि जिथे माहीत नव्हतं तिथे माहीत नाही म्हणाल्या. टपाल खात्यात असताना एका सहकाऱ्याने बदली झाली म्हणून दिलेली टाकी, तेव्हापासून बघून बघून शिकल्या. मग त्यांनी स्पंज अर्धा कापून टाकीच्याच पाण्यासकट माझ्या डब्यात घातला. मी वास घेतला. घाणीचा नव्हता, ओल्या मातीचा होता.

निघताना त्यांनी माझ्यासमोर पाण्याचं भांडं ठेवलं. मी हात पुढे करायच्या आधीच त्या म्हणाल्या, ‘उकळून गार केलेलं आहे हो.’ मी काहीच म्हटलं नव्हतं. चेहऱ्यावर काही आलं असेल का, ते मला सांगता येणार नाही. मी ते पाणी प्यायले, सगळं. आणि पूर्वा, तीस वर्षं मी पाणी चाखलंय. उकळलेलं पाणी मचूळ लागतं, त्यातली हवा गेलेली असते. हे उकळलेलं नव्हतं. सरळ नळाचं होतं, चांगलं होतं. माझी सोय व्हावी म्हणून त्या बाईंनी स्वतःच्या घरात माझ्याशी खोटं बोलावं, ही वेळ मी त्यांच्यावर आणली होती. मी आणखी एक भांडं मागून प्यायले. उतरताना जिन्यात मला रडू आलं. गुडघ्याचं निमित्त करून मी दुसऱ्या मजल्यावर पाच मिनिटं थांबले. हिराताईंना मी एवढीच विनंती केली होती की पूर्वाला इतक्यात सांगू नका, मला आधी लिहू दे. त्यांनी शब्द पाळला असणार, नाहीतर तुझा फोन आला असता.

त्या स्पंजाने काम केलं. पहिले चार दिवस नळी हिरवी, मग फिकी हिरवी, मग पिवळट. बाराव्या दिवशी पिवळी, म्हणजे अमोनिया नाही. लवंग दुसऱ्या दिवसापासून तळ सोडून वर येऊ लागली, सहाव्या दिवशी शेपटी पसरून पोहली. मी रोजची मापं तुझ्याच वहीत लिहिली, तुझी शेवटची नोंद जिथे संपते तिथून पुढे. विचारल्याशिवाय लिहिलं, पण वेगळी वही केली असती तर टाकीचा इतिहास तुटला असता. एक दिवस मी नायट्राइटचा आकडा चुकीच्या रकान्यात लिहिला. आमच्या प्रयोगशाळेचा नियम असा की चुकीची नोंद कधी खोडरबराने खोडायची नाही, शाईने गिरवायची नाही. तिच्यावर एकच सरळ रेघ मारायची, म्हणजे खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी खरी नोंद लिहून सही करायची. कोणी काय चूक केली हे दिसत राहिलं पाहिजे. तसंच मी तुझ्या वहीत केलं. बाबांनी ते बघितलं आणि विचारलं, माशांचं ऑडिट होणार आहे का.

बाबांवरून आठवलं. तुला आठवत असेल, ते मला चिडवायचे की क्लोरीन तुझ्या डोक्यात गेलंय. मी हसायचे. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला तेव्हाही कळत होतं, पण हसून घेतलं की पुढे कोणी बोलत नाही.

आता ज्यासाठी एवढे कागद भरले ते. तुझ्या वहीत एक नोंद टाकीची नाही. दोन वर्षांपूर्वीची, ऑगस्टमधली. ‘माझ्या बाटलीतलं, सकाळी माठातून घेतलेलं: क्लोरीन ०.२. आईंनी माठ ओतून पुन्हा भरलेलं: ०.२. दोन्ही सारखंच. शाळेला उशीर.’ खालच्या ओळीत लवंगचं खाणं. तो दिवस मला लख्ख आठवतो. तू नेहमीसारखा माठ भरून गेलीस, छत्री विसरली म्हणून परत आलीस, आणि मी तो माठ मोरीत ओतत होते. मी म्हटलं, आज पाण्यात क्लोरीन जास्त आहे, वास येतोय. तू ‘बरं’ म्हणालीस आणि टाकीपाशी जरा घुटमळलीस. मला वाटलं मासे बघतेयस. वास येत नव्हता, पूर्वा. त्या दिवशी नव्हता, त्याआधीच्या दिवशी नव्हता. तू घराबाहेर पडलीस की मी तो माठ रोज ओतायचे, आणि तो तू भरलेला असायचा म्हणून ओतायचे, दुसरं कारण नव्हतं. लग्नाला मी हो म्हटलं, पेढे वाटले, पेठेत चार लोकांना ताठ मानेने सांगितलं की सून बौद्ध आहे आणि आम्हाला त्याचं काही नाही, आणि घरात हे करत राहिले. पाण्यावरून तुझ्या माणसांनी काय सोसलं ते मला माहीत नव्हतं असं म्हणायला मला तोंड नाही. माहीत होतं, म्हणून तर क्लोरीनचं नाव पुढे केलं. त्यानंतर तू माठ भरायचं सोडलंस, स्वयंपाकघरात पाणी प्यायचंही सोडलंस. स्वतःची बाटली टाकीच्या डाव्या बाजूला त्या स्टुलावर ठेवायचीस आणि शाळेला निघताना, सव्वासातला, तिथे उभी राहून प्यायचीस. मला वाटलं, बरं झालं, आपली कटकट वाचली. केशर तिथे कोणाची वाट बघते याचं उत्तर हे लिहिता लिहिता मला मिळालं, तू सांगायची गरज राहिली नाही. शाळा जवळ पडेल असं तुम्ही सांगितलंत, पण त्यासाठी धायरीला गेला नाहीत, हेही मला कळतं. मी तुझी माफी मागते. ती द्यायचीच असं नाही, आणि टाकी न्यायला किंवा कशालाही इथे यायलाच हवं असंही नाही. पण तू दोन वर्षं जे एकटीने जाणून होतीस ते माझ्या हातून लेखी तुझ्याकडे यायला हवं होतं, म्हणून हे पत्र. वही टाकीखाली जागेवर ठेवली आहे. त्या नोंदीखाली मी माझं त्या दिवशीचं वाक्य लिहिलं, ‘पाण्यात क्लोरीन जास्त आहे’. त्याच्यावर एकच सरळ रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. शेजारी लिहिलं, ‘नमुना पिण्यास योग्य होता’, आणि सही केली.

तुझीच,
श्यामला